गाडीचे ॲल्युमिनियमचे भाग घरी चकचकीत करता येतात का? टॅपेट कव्हर, मॅनिफोल्ड आणि अलॉय चाकांविषयी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या सिडको भागात राहणाऱ्या एका तरुणाने वडिलांची वीस वर्षे जुनी गाडी स्वतःच्या हाताने नीट करायला घेतली आहे. इंजिन उघडलेच आहे, तर टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण), इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा जोड) आणि अल्टरनेटरचे (गाडीत वीज तयार करणाऱ्या यंत्राचे) आवरण आरशासारखे चकचकीत करावे आणि जमल्यास चारही अलॉय चाकेही करावीत, असा त्याचा विचार आहे. धातूच्या पॉलिशची एक ट्यूब त्याने तीन दिवस घासून संपवली. हात काळे झाले, पण कव्हर राखाडीच राहिले. ही गाडी दिंडोरीच्या द्राक्षबागेत नेहमी जात असे आणि चाकांवर बारीक काळे खड्डे पडले आहेत. ते कशाने पडले, पेपर कोणत्या नंबरचे लागतात, मशीन घ्यावे का आणि ही चकाकी इथल्या पावसाळ्यात टिकते का, हे त्याला जाणून घ्यायचे आहे.

काम घरी होते. सातपूर आणि अंबडच्या लहान कारखान्यांसाठी पॉलिशिंग करण्यात माझी 28 वर्षे गेली आणि त्याआधी जुन्या नाशकातल्या एका भांडी पॉलिश करणाऱ्या कारागिराकडे मी हे काम शिकलो. त्या अनुभवावरून सांगतो की तुमची ट्यूब खराब नव्हती, तिच्यावर तिचे नसलेले काम टाकले गेले होते. पॉलिशमधले कण इतके बारीक असतात की ते फक्त शेवटचे, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे ओरखडे काढू शकतात. ओतीव कव्हरच्या पृष्ठभागावरचे चढउतार त्यांच्या कितीतरी पट मोठे असतात. त्यामुळे तीन दिवसांत तुम्ही टेकड्यांचे माथे चमकवले आणि दऱ्या तशाच राहिल्या.

चकाकी म्हणजे काय, हे एकदा नीट समजले की पुढची प्रत्येक कृती का करायची हे आपोआप कळते. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण 0.4 ते 0.7 मायक्रॉन असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पृष्ठभागावरचे ओरखडे याहून बरेच मोठे असले तर प्रकाश चहूकडे विखुरतो आणि धातू पांढुरका किंवा राखाडी दिसतो. ओरखडे याहून लहान झाले की प्रकाश एका दिशेने परततो आणि त्यात आपला चेहरा दिसू लागतो. 220 नंबरच्या पेपरवरचा कण सरासरी 68 मायक्रॉनचा असतो, 400 नंबरचा 35, 1000 नंबरचा 18 आणि 2000 नंबरचा सुमारे 10 मायक्रॉनचा. म्हणजे प्रत्येक पायरीवर ओरखड्याची खोली निम्म्यावर आणत आपण प्रकाशाच्या मापापर्यंत उतरत जातो. मधली एखादी पायरी गाळली की आधीचा खोल ओरखडा तसाच राहतो आणि चमक आल्यावर तो लपण्याऐवजी अधिकच उठून दिसतो. माझ्याकडे ‘पॉलिश केले पण रेषा दिसतात’ म्हणून जितके भाग आले, त्यांपैकी बहुतेकांचे दुखणे 220 आणि 400 या टप्प्यांतल्या घाईत होते.

घासायला बसण्याआधी हातातला भाग कशाचा आहे हे ओळखणे आवश्यक आहे. त्याला लोहचुंबक लावा. काही गाड्यांचे टॅपेट कव्हर लोखंडी पत्र्याचे असते आणि रंगाखाली ते कळत नाही. चुंबक चिकटला नाही तरी धातू ॲल्युमिनियमचाच असेल असे नाही, कारण काही जुनी चाके आणि काही इंजिनांची आवरणे मॅग्नेशियमची असतात. आपल्याकडे कोणत्याही अलॉय चाकाला सर्रास ‘मॅग व्हील’ म्हणतात, त्यामुळे नावावरून बोध होत नाही. आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला थोडे खरवडून उघड्या धातूवर व्हिनेगरचा थेंब टाका. मॅग्नेशियम असेल तर लगेच बुडबुडे येतात, ॲल्युमिनियमवर येत नाहीत. मॅग्नेशियमचा भुगा सहज पेटतो आणि पाणी टाकल्याने ती आग वाढते. असा भाग घरी घासूच नये.

दुसरी तपासणी वरच्या थराची. धातूवर लॅकर म्हणजे पारदर्शक लेप आहे का हे कळण्यासाठी पांढऱ्या कापडावर पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात घासून पाहावे. कापड काळे झाले तर धातू उघडा आहे, पांढरेच राहिले तर मध्ये लेप आहे. पूर्वीच्या रंगाचे आणि लॅकरचे थर पेंट रिमूव्हरने उतरवता येतात. ते काम मोकळ्या जागेत, रबरी हातमोजे घालून करावे, गॅलरीचे दार लावून नव्हे. भाग अनोडाइझ केलेला, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वरचा थर जाड केलेला, असेल तर मात्र त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कडक कवचासारखा थर असतो आणि पॉलिश त्याचे काहीही बिघडवू शकत नाही. मल्टिमीटरच्या दोन्ही तारा पृष्ठभागावर हलकेच टेकवा. उघडे ॲल्युमिनियम वीज वाहू देते, अनोडाइझ केलेला थर देत नाही. तुमच्या तीन भागांत हा थर असण्याची शक्यता कमी आहे. तो सहसा बाजारातून घेतलेल्या सजावटीच्या भागांवर असतो.

आता स्वच्छतेविषयी, कारण सर्वाधिक नुकसान इथे होते. ॲल्युमिनियम आम्लाने खराब होते आणि क्षारानेही. त्याच्या पृष्ठभागावर आपोआप तयार होणारा, काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा त्याचे रक्षण करतो, पण साधारण 4 ते 8.5 या पीएचच्या बाहेर तो पापुद्रा विरघळू लागतो. आपल्या घरात हे ज्ञान फार जुने आहे. जर्मनच्या पातेल्यात सोडा टाकून पाणी उकळले की ते काळे पडते आणि ते होऊ नये म्हणून कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची फोड टाकतात. हाच नियम इंजिनाच्या भागांना लागू आहे. तुंबलेली मोरी साफ करण्याचा कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला अक्षरशः खातो आणि त्यातून हायड्रोजन हा ज्वलनशील वायू सुटतो. फरशी धुण्याचे ॲसिड धातूत खड्डे पाडते. चाके झटपट पांढरी करणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते, जे त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करते. ते घरात आणूही नये. तेलकट भागासाठी डिझेल आणि ब्रश, त्यानंतर भांडी घासण्याचा द्रव साबण आणि कोमट पाणी एवढे पुरते. लोखंडी तारेचा ब्रश आणि लोखंडी काथ्या वापरू नये. त्यांचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि पहिल्या पावसात तिथे तांबूस ठिपके उमटतात. नायलॉनचा किंवा पितळी तारांचा ब्रश घ्यावा.

तुमच्या यादीतले अल्टरनेटरचे आवरण मी वगळेन. ते पूर्ण खोलल्याशिवाय घासले तर ॲल्युमिनियमचा भुगा कॉइलमध्ये आणि डायोड असलेल्या प्लेटवर जातो आणि हा भुगा वीजवाहक असतो. खोलून पुन्हा जोडणे तुम्हाला येत असेल तरी बदल्यात मिळणारी शोभा फारच थोडी आहे. बाहेरून ब्रशने स्वच्छ करून ते तसेच ठेवावे.

टॅपेट कव्हर हा घरी शिकण्यासाठी उत्तम भाग आहे. पण त्यात एक धोका दडलेला आहे आणि तो मला एका ग्राहकाच्या नुकसानीतून कळला. काही वर्षांपूर्वी मी एक कव्हर फार मन लावून चमकवले, पेट्रोलने धुतले, हवा मारली आणि दिले. कव्हरच्या आतल्या बाजूला तेलाची वाफ अडवण्यासाठी एक पातळ पत्रा रिव्हेटने ठोकलेला होता आणि त्या पत्र्याच्या मागे पेपरचे झडलेले कण ओल्या तेलाला चिकटून राहिले होते. इंजिन सुरू झाल्यावर गरम तेलाने ते सुटले आणि कॅमशाफ्टच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) बैठकीत गेले. अनेक इंजिनांत त्या बैठका सिलिंडर हेडच्या ॲल्युमिनियममध्येच कोरलेल्या असतात, त्यांना वेगळी बेअरिंग नसते. चारशे-पाचशे किलोमीटरनंतर ती गाडी आवाज करत परत आली आणि त्या कुटुंबाला हेड बदलावे लागले. खर्चातला माझा वाटा मी उचलला, पण त्यांची दिवाळीची सहल त्या वर्षी गेली ती गेलीच. तेव्हापासून आतला पत्रा काढता येत असेल तर तो काढूनच मी काम हाती घेतो. काढता येत नसेल तर त्याच्या सर्व फटी आणि ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी, नळी आधीच मेण आणि चिकटपट्टीने बंद करतो आणि काम संपल्यावर आतली बाजू साबणाच्या गरम पाण्याने तीनदा धुऊन, पांढऱ्या कापडावर शेवटचे पाणी गाळून पाहतो. कापडावर एक जरी करकरीत कण दिसला तरी पुन्हा धुतो. वाळूचा मारा करून, म्हणजे सँड ब्लास्टिंगने, कव्हर साफ करून देण्याचे कोणी सुचवले तर याच कारणासाठी नकार द्यावा.

ज्या कडेवर पॅकिंग बसते तिला पेपर लावू नये. हाताने घासताना कडा नकळत गोलसर होतात आणि तेल गळू लागते. त्या कडेवर जाड चिकटपट्टीचे दोन थर द्यावेत. बोल्टच्या वॉशरखालची जागाही तशीच झाकावी.

आता प्रत्यक्ष घासण्याचे काम. पृष्ठभाग ओतकामाचा खडबडीत असेल तर आधी 120, मग 180 नंबर लागतो. तो बऱ्यापैकी गुळगुळीत असेल तर 220 पासून सुरुवात करावी. त्यानंतर 320, 400, 600, 800, 1000, 1500 आणि 2000. हार्डवेअरच्या दुकानात काळा, पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर मागावा. तो पंधरा मिनिटे पाण्यात भिजवावा आणि पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब टाकावेत. ॲल्युमिनियम मऊ असल्याने त्याचा चिखल पेपरच्या दाण्यांत भरतो, दाणे कापणे थांबवतात आणि तो चिखलच धातूवर नवे खोल ओरखडे पाडतो. साबणामुळे तो सुटून येतो. पेपर दर मिनिटाला बुडवून झटकावा. सपाट भागासाठी रबरी चपलेच्या तळाचा सरळ कापलेला तुकडा पेपरच्या आत धरावा. नुसत्या बोटांनी घासले तर बोटांच्या खुणांएवढ्या खोलगट पट्ट्या पडतात आणि चमक आल्यावर प्रतिबिंब त्यांत डुलताना दिसते. खाचांसाठी आइस्क्रीमची काडी पुरते.

एका नंबरचा पेपर एकाच दिशेने चालवायचा आणि पुढचा नंबर त्याला आडवा, काटकोनात. उदाहरणार्थ, 220 लांबीच्या दिशेने घासला तर 320 रुंदीच्या दिशेने. आधीच्या लांबट रेषा पूर्णपणे नाहीशा होऊन फक्त आडव्या रेषा उरल्या की तो नंबर संपला, त्याआधी नाही. याची खात्री करण्याची माझी रीत अशी आहे की, पृष्ठभाग थिनरने पुसून कोरडा करायचा आणि ट्यूबलाइटखाली तो इतका तिरका धरायचा की प्रकाशाची लांब पट्टी त्यावरून सरकत जाईल. एवढ्यात एखादी एकटी, केसासारखी रेषा लखकन चमकून जाते. ती मागच्या नंबरची असते. तिच्याभोवती मार्करने गोल करा आणि मागच्या नंबराकडे परत जा. फक्त त्या रेषेवर घासू नका, नाही तर तिथे खळगा होईल. तिच्याभोवती तळहाताएवढा भाग सारखा उतरवा. हे परत जाणे जिवावर येते, विशेषतः रात्री दहा वाजता, पण तिथेच चांगल्या आणि सामान्य कामात फरक पडतो. टॅपेट कव्हरला मला हाताने आठ ते दहा तास लागतात आणि त्यातला अर्ध्याहून अधिक वेळ 400 नंबरपर्यंतच जातो. 800 च्या पुढचे काम तुलनेने भराभर होते.

डाय कास्टिंगच्या भागात, म्हणजे दाबाखाली पोलादी साच्यात ओतलेल्या भागात, वरचा साधारण अर्धा मिलिमीटर थर घट्ट असतो आणि त्याखाली हवेच्या बारीक पोकळ्या असतात. घासता घासता टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसू लागली की त्यांचा पाठलाग करू नये. जितके खोल जाल तितकी ती वाढतात. तिथेच थांबून पुढचा नंबर घ्यावा.

अपेक्षेविषयीही स्पष्ट सांगायला हवे. इंजिनाच्या ओतीव भागांत साधारण 7 ते 12 टक्के सिलिकॉन असते, कारण त्यामुळे वितळलेला धातू साच्यात चांगला वाहतो. हे सिलिकॉनचे कण ॲल्युमिनियमपेक्षा फार कठीण असतात. भोवतालचा मऊ धातू झिजतो आणि ते किंचित वर उभे राहतात, म्हणून ओतीव भागाच्या चमकेत नेहमी राखेसारखी एक छटा राहते. बाजारात दिसणारे निळसर-पांढरे, आरशासारखे भाग बहुधा पट्टी किंवा गज कापून केलेले असतात आणि त्यांचा मिश्रधातूच वेगळा असतो. तुमचे कव्हर तसे दिसणार नाही. त्यात तुमचा दोष नाही आणि महागडी ट्यूब आणून ते बदलणारही नाही.

इनटेक मॅनिफोल्ड बहुतेकदा रेतीच्या साच्यात ओतलेला असतो आणि त्याच्या नळ्यांच्या मधल्या बेचक्यांत हात पोचत नाही. पूर्ण मॅनिफोल्ड आरशासारखा करायला घरी दोन-तीन आठवड्यांच्या संध्याकाळी जातात. मला स्वतःला दुसरी पद्धत अधिक शोभिवंत वाटते. संपूर्ण मॅनिफोल्ड स्वच्छ करून, 400 नंबरने आणि नायलॉनच्या घासणीने एकसारखा मंद, रेशमी ठेवायचा आणि फक्त उंच उठलेल्या पट्ट्या आणि अक्षरे 2000 नंबरपर्यंत नेऊन चमकवायची. मंद पार्श्वभूमीवर ती चमक अधिक खुलते आणि पुढची निगाही सोपी जाते. काहीही केले तरी मॅनिफोल्डची सर्व तोंडे आणि व्हॅक्यूमच्या नळ्या लाकडी खुंटी किंवा घट्ट कापड आणि चिकटपट्टीने बंद कराव्यात. आत गेलेला कण थेट सिलिंडरमध्ये जातो. हेडला टेकणारा आणि थ्रॉटल बॉडी (आत जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) बसते तो सपाट चेहराही पॅकिंगच्या कडेसारखाच झाकून ठेवावा.

मशीन घ्यावे का, याचे उत्तर तुम्ही पुढे किती काम करणार यावर आहे. एका गाडीसाठी घेऊ नये. 2000 नंबरनंतर जुन्या धुवट सुती धोतराच्या किंवा नऊवारीच्या तुकड्याने, थोडेसे पॉलिश घेऊन, आधी गोल आणि मग सरळ हात फिरवला की हातानेही सुंदर चमक येते. कापड काळे होत राहील. तो मळ नव्हे, ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म कण काळे दिसतात. काळेपणा येतो म्हणून घासत बसू नका. पॉलिश सुकण्याआधी स्वच्छ कापडाने पुसा, पाहा आणि समाधान झाले की थांबा. शेवटी चमचाभर मैदा शिंपडून कोरड्या मऊ कापडाने पुसला तर राहिलेला तेलकट पापुद्रा तो ओढून घेतो आणि धुके गेल्यासारखा फरक दिसतो. भांडी बाजारातले आमचे उस्ताद हे करत आणि मी आजही करतो.

तरीही बफ, म्हणजे मशीनवर फिरणारी कापडी चकती, लावायचाच असेल तर बेंच ग्राइंडरवर शिवलेला सुती बफ आणि पॉलिशची वडी लागते. वडीच्या रंगावर विसंबू नये. प्रत्येक बनवणाऱ्याचे रंग वेगळे असतात, म्हणून दुकानात ‘ॲल्युमिनियमची कापणारी’ आणि ‘ॲल्युमिनियमची शेवटची’ अशा दोन वड्या मागाव्यात आणि दोन्हींसाठी वेगळे बफ ठेवावेत. मिनिटाला साधारण 2800 फेऱ्यांच्या ग्राइंडरवर सहा इंची बफची कड सेकंदाला सुमारे 22 मीटर वेगाने धावते. या कामाला तेवढे पुरे आहे. अँगल ग्राइंडर मिनिटाला 11,000 फेऱ्यांच्या आसपास फिरतो. त्यावर सुती बफ लावणे म्हणजे अपघाताला बोलावणे आहे. भाग नेहमी बफच्या मध्यरेषेच्या खाली धरावा आणि त्याची धारदार कड बफ ज्या दिशेने धावतो त्या दिशेने असावी. कड उलट दिशेला आली तर बफ ती पकडतो आणि तो भाग हातातून निसटून पायावर किंवा भिंतीवर आदळतो. सैल कापडी हातमोजे, कडे, घड्याळ, गळ्यातला दोरा, ओढणी यांतले काहीही मशीनजवळ नको. डोळ्यांवर गॉगल आणि नाकातोंडावर एन-95 मास्क हवाच.

ज्या ग्राइंडरवर लोखंड घासले आहे त्याच्या आसपास ॲल्युमिनियमचा कोरडा भुगा साठू देऊ नये. ॲल्युमिनियमचा बारीक भुगा एकटाही पेट घेऊ शकतो, हवेत पसरला तर स्फोटही होतो आणि गंजलेल्या लोखंडाच्या भुग्याबरोबर त्याचे मिश्रण म्हणजे रुळ जोडण्यासाठी वापरतात ते थर्माइट. एक ठिणगी पुरते. त्या आगीवर पाणी टाकू नये, कोरडी वाळू टाकावी. घरी ओल्या पेपरने काम करण्याचा आग्रह मी याचसाठी धरतो. ओला चिखलही झाकण घट्ट लावलेल्या डब्यात ठेवू नये, कारण ॲल्युमिनियमचा ताजा भुगा पाण्याशी हळूहळू क्रिया करून हायड्रोजन सोडतो.

चाकांवरचे काळे खड्डे. तुमची गाडी बागेत जात होती हे सांगितलेत ते फार बरे झाले. बोर्डो मिश्रणात शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना पडतो. चुना कमी पडला का हे पाहायला लोखंडी पाते त्यात बुडवतात आणि त्यावर तांबूस थर आला की आणखी चुना घालतात, हे तुमच्या वडिलांना चांगलेच ठाऊक असेल. त्या पात्यावर जे घडते तेच ॲल्युमिनियमवर घडते. लेप उडालेल्या जागी फवाऱ्याचे तुषार आणि बांधावरचा ओला चिखल चिकटून राहिला की तांब्याचे कण धातूवर बसतात आणि प्रत्येक कणाभोवती एक छोटी बॅटरीच तयार होते, जिच्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. वर उरलेला चुन्याचा क्षार ऑक्साइडचा पापुद्राही कमजोर करतो. ब्रेकमधून उडणारी गरम लोखंडी धूळही असेच खड्डे पाडते, पण ते चाकाच्या आतल्या बाजूला अधिक असतात. बागेतून आल्यावर त्याच दिवशी चाके साध्या पाण्याने भरपूर धुवावीत, एवढाच यावर उपाय आहे. आहेत ते खड्डे उथळ असतील तर 220 ने निघतील. नखाला ठळक लागत असतील तर तिथे तसेच सोडावेत. चाकाचा धातू उतरवण्यालाही मर्यादा आहे.

चाक घासण्यापूर्वी पाहा की त्याच्या दर्शनी भागावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या अतिशय बारीक, गोलाकार रेषा आहेत का. असतील तर ते लेथवर कापून वर पारदर्शक लेप दिलेले चाक आहे. हाताने घासल्यावर तो नक्षीकाटा कायमचा जाईल. तसे चाक लेथच्या कामासाठी देणे चांगले. साधे चाक असेल तर टायर उतरवून, लेप काढून वरीलप्रमाणेच काम करावे. मात्र चाकाचा हबला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) टेकणारा मागचा चेहरा, नट बसण्याच्या उतरत्या जागा आणि टायरची कड बसते ती पट्टी या तीन ठिकाणी पेपर लावू नये. तडा दिसला तर चमकवण्याचा विचार सोडून ते चाक बदलावे. कोणी जास्त तापमानाला भाजून रंग देण्याचे सुचवले तर तापमान विचारावे, कारण या चाकांचे बळ सुमारे 150 ते 175 अंश सेल्सिअसला दिलेल्या उष्णतेच्या संस्कारातून आलेले असते आणि त्याच्या बरेच वर तापवले तर ते घटते.

पावसाळ्यात चकाकी टिकते का? उघडी चमक निगराणीशिवाय टिकत नाही. जून ते सप्टेंबरात रोज रस्त्यावर असलेली चाके तीन-चार आठवड्यांत मंदावतात. बॉनेटखालचे टॅपेट कव्हर मात्र कित्येक महिने चांगले राहते. आरशासारख्या गुळगुळीत धातूवर लॅकर नीट धरत नाही. त्याच्या कडेने ओल शिरली की लेपाखाली पांढऱ्या, गांडुळासारख्या रेषा पसरतात आणि मग सगळेच खरवडावे लागते. म्हणून मी लॅकर देत नाही. चाकांवर चांगले मेण द्यावे आणि पावसाळ्यात दर महिन्याला पुन्हा द्यावे. टॅपेट कव्हर शंभर अंशांच्या आसपास तापते, तिथे मेण वितळून जाते, म्हणून दिवाळी आणि अक्षय्य तृतीया अशा वर्षातून दोन वेळा पॉलिशचा हलका हात पुरेसा आहे. गाडी धुवायला बाहेर देत असाल तर चाकांवर आणि इंजिनावर कोणतेही द्रावण मारू नका, फक्त पाणी, असे आधी बजावून सांगा. शहरातल्या एका वॉशिंग सेंटरवर माझ्या एका ग्राहकाची चारही चाके एका फवाऱ्यात दुधी झाली आणि दहा दिवसांचे काम दहा मिनिटांत गेले.

सुरुवात टॅपेट कव्हरपासून करा, चाके शेवटी घ्या आणि चारही एकदम न उतरवता एकेक करून करा. चाक परत बसवताना नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर), समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. नव्याने बसवलेल्या चाकाचे नट थोडे सैल पडू शकतात, म्हणून दिंडोरीची पहिली फेरी करून आलात, म्हणजे साधारण 50-60 किलोमीटर झाले, की चाके थंड झाल्यावर टॉर्क रेंचने प्रत्येक नट पुन्हा तपासा.